बीटल्सचा बीबीसीवाला बूटलेग एलपी संच: घ्यावा की सोडावा?

चकतीवेडा

मंडळी, सल्ला हवा आहे. मी इंग्लंडात रेडिंगला असतो. इथे अधूनमधून जुन्या रेकॉर्ड्सचा बाजार भरतो. तिथल्या एका ओळखीच्या म्हाताऱ्या विक्रेत्याकडे 'द बीटल्स ॲट द बीब' या मालिकेच्या एलपी आल्या आहेत. मालिका अर्थातच अधिकृत नाही. १९८०च्या दशकात निघालेला बूटलेग (म्हणजे परवानगीशिवाय चोरून छापलेला) माल, एकूण १३ भाग. लेबलवर 'बीब ट्रान्सक्रिप्शन रेकॉर्ड्स' असं छापलंय ('बीब' हे बीबीसीचं बोलीतलं नाव), म्हणजे बीबीसीच्याच एखाद्या खात्याने काढल्यासारखा आव! त्याच्याकडे ११ भाग आहेत. सगळे मिळून २२० पौंड म्हणतो, सुटे द्यायला तयार नाही.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्च १९६२ ते जून १९६५ या काळात बीटल्स बीबीसी रेडिओसाठी सतत गायचे. सगळं मिळून २७५ सादरीकरणं, ८८ वेगवेगळी गाणी. त्यांतली ३६ गाणी त्यांनी त्या काळात रेकॉर्डवर कधी काढलीच नाहीत. अधिकृत संग्रह १९९४ मध्ये आला आणि दुसरा २०१३ मध्ये. दोन्ही माझ्याकडे आहेत.

मग हा बूटलेग कशाला घ्यायचा, हाच प्रश्न आहे. मन म्हणतंय घे, डोकं म्हणतंय नको. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा

ज्याने धागा काढला त्याने पैसे आधीच दिलेले असतात. अभिनंदन!

सावनी_ठाणे

अधिकृत दोन्ही संग्रह असताना २२० पौंड घालवायचे? तीच गाणी, वाईट आवाजात, जास्त पैसे देऊन. मला तरी कळत नाही. १९९४चा संग्रह ऐकून माझं पोट भरलं. ६९ ट्रॅक आहेत त्यात, गप्पांसकट.

मध्यमलहर

सावनीताई, 'तीच गाणी' हे अर्धंच खरं आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी हे बघा की बीबीसीला इतकी सेशन्स लागायचीच का. तिथे 'नीडल टाइम' नावाची भानगड होती. संगीतकारांची युनियन आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी झालेल्या करारामुळे बीबीसीला आठवड्यात ठरावीक तासच रेकॉर्ड वाजवता यायच्या. उरलेला वेळ भरायचा तर वादकांना स्टुडिओत बोलवा आणि वाजवून घ्या. म्हणून 'सॅटर्डे क्लब'सारखे कार्यक्रम, आणि म्हणूनच बीटल्सना १९६३च्या उन्हाळ्यात 'पॉप गो द बीटल्स' ही स्वतःची १५ भागांची मालिका मिळाली. एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन भागांची गाणी उरकायचे. थेट मोनो टेपवर, हाताशी मोजका वेळ, संध्याकाळी कुठेतरी कार्यक्रम ठरलेला. स्वतःचं भांडार संपलं की नाव होण्याआधी हँबुर्गमध्ये आणि लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात गायलेली इतरांची गाणी काढायची: चक बेरी, लिटल रिचर्ड, कार्ल पर्किन्स, आर्थर अलेक्झांडर. ती ३६ गाणी आली ती तिथून.

आणि एवढं सगळं झाल्यावर बीबीसीने काय केलं? टेप पुसल्या. टेप महाग होती, पुन्हा वापरायची पद्धत होती, आणि चार पोरांचं पॉप पन्नास वर्षांनी कुणी ऐकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. परदेशी केंद्रांना पाठवायला काढलेल्या ट्रान्सक्रिप्शन डिस्क्सवर थोडं वाचलं. बाकी वाचलं ते घरोघरच्या श्रोत्यांनी रेडिओवरून टेप करून ठेवलं म्हणून. १९९४च्या अधिकृत संग्रहातलं 'कीप युअर हँड्स ऑफ माय बेबी' ऐका. जानेवारी १९६३च्या 'सॅटर्डे क्लब'मधलं. खरखर ऐकूनच कळतं की ते कुणाच्या तरी घरच्या रेडिओवरून आलंय. म्हणजे ज्याला आपण अधिकृत म्हणतो त्याचाही काही भाग बूटलेगवाले वापरायचे त्याच प्रकारच्या टेपवर उभा आहे.

आता या प्रकारातली सुरुवातीची नावाजलेली एलपी म्हणजे 'यलो मॅटर कस्टर्ड'. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची, अमेरिकेतल्या 'ट्रेडमार्क ऑफ क्वालिटी' या चोरट्या लेबलची, १४ गाणी. लोकांचा समज असा की हे डेक्का कंपनीने नाकारलेलं ऑडिशन आहे, १ जानेवारी १९६२चं. प्रत्यक्षात ती बीबीसीची गाणी होती. गंमत म्हणजे खुद्द जॉन लेननचाही तोच समज झाला आणि त्याने ती पॉल मॅकार्टनीला भेट म्हणून पाठवली! ज्याने गायलं त्यालाच आठवेना कुठे गायलं.

रिकामटेकडा

लेननने पॉलला चोरीचा माल भेट दिला? त्या दोघांचं तेव्हा फारसं पटत नव्हतं म्हणतात. भेट बरोबर निवडली.

चकतीवेडा

@मध्यमलहर, हेच वाचायला धागा काढला होता. कृपया लिहीत राहा.

@सावनी_ठाणे, ६९ आहेत खरे, पण ते निवडक. शिवाय तारखांच्या क्रमाने नाहीत. बोलण्याचे तुकडे उचलून सोयीच्या जागी लावलेत. ऐकायला झकास, पण कार्यक्रम कसा व्हायचा ते त्यातून कळत नाही. बूटलेगमध्ये एका कार्यक्रमातली गाणी सलग असावीत असा माझा अंदाज आहे. तोच मोह आहे.

उंटावरचा_शहाणा

माझं मत लोकांना आवडणार नाही, तरी लिहितो. ही चोरी आहे. बीटल्स गरीब नाहीत, हे मान्य. पण जी ३६ गाणी म्हणता, त्यांतलं 'आय्ल बी ऑन माय वे' हे लेनन-मॅकार्टनीचं एक सोडलं तर बाकी सगळी दुसऱ्यांची आहेत. 'सोल्जर ऑफ लव्ह' बझ केसन आणि टोनी मून यांनी लिहिलं. आर्थर अलेक्झांडरने ते आधी गायलं. हा अलेक्झांडर म्हणजे ज्याची गाणी बीटल्सनीही गायली आणि रोलिंग स्टोन्सनीही. पुढे तो संगीत सोडून क्लीव्हलंडमध्ये बस चालवत होता. १९९३ मध्ये वारला. बूटलेगवाल्याने यांच्यापैकी कुणाला एक छदाम दिला असेल का? १९९४ची अधिकृत आवृत्ती आली तेव्हा कुठे गीतकारांचे पैसे रीतसर मोजले गेले. 'बिचाऱ्या श्रोत्यांनी ठेवा वाचवला' ही गोष्ट छान आहे, पण श्रोत्याने वाचवला आणि बूटलेगवाल्याने विकला. दोघं वेगळे.

बे_एरिया_बंड्या

+१, शेवटच्या वाक्याला. तरी थोडा इतिहास जोडतो. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ आधीच्या ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कॉपीराइट कायद्याचं संरक्षणच नव्हतं. राज्यांचे कायदे होते, पण विस्कळीत. बूटलेगचा धंदा कॅलिफोर्नियात १९६९-७० च्या सुमारास फोफावला तो याच फटीतून. पांढरं कोरं कव्हर, त्यावर रबरी शिक्का, झालं तयार.

पुढे इटलीत दुसरी फट सापडली. तिथे संरक्षणाची मुदत कमी होती, त्यामुळे तीस वर्षं जुनं रेडिओवरचं गाणं तिथले लोक उघडपणे छापायचे. १९९३ मध्ये 'ग्रेट डेन' या इटालियन लेबलने बीबीसी सेशन्सचा नऊ सीडींचा संच काढला. त्यानंतर वर्षभरात ईएमआयचा (बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीचा) अधिकृत संग्रह आला. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही, पण ते माझं मत.

आणि २०१३चा किस्सा तर भारीच. युरोपने नियम केला की प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला ७० वर्षं संरक्षण, पण ५० वर्षांत प्रसिद्धच केलं नाही तर हक्क गेला. १९६३ची न काढलेली गाणी डिसेंबर २०१३ मध्ये हातची जाणार होती. म्हणून ॲपलने (बीटल्सची कंपनी, फोनवाली नव्हे) वर्ष संपायच्या आत आयट्यून्सवर ५९ गाणी टाकली. नाव काय दिलं? 'द बीटल्स बूटलेग रेकॉर्डिंग्ज १९६३'. मालकानेच चोराची पाटी लावली.

सावनी_ठाणे

फोनवाल्याच्या दुकानात बीटल्सवाल्याचा माल. या दोन ॲपलांनी नावावरून कोर्टात किती वर्षं काढली होती ते आठवून हसू आलं.

पेठेतला_पांथस्थ

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपल्याकडे असं घडलंच ना? पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गीतरामायण झालं. आठवड्याला एक गाणं, ५६ गाणी. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायकांनी म्हटली. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लताबाईंचंही गाणं होतं. पुढे एलपी निघाल्या त्या सगळ्या एकट्या बाबूजींच्या आवाजात. आज कुणालाही विचारा, गीतरामायण म्हणजे सुधीर फडके. रेडिओवरची रामायणी पात्रं ज्या-त्या आवाजात ऐकायची तर कुणाकडे टेप आहे का, असं विचारत फिरावं लागतं. बाबूजींबद्दल तक्रार नाही हो, त्यांचा पायाही कुणी गाठणार नाही. पण रेडिओची आवृत्ती आणि दुकानातली आवृत्ती या दोन वेगळ्या वस्तू असतात, एवढंच.

आजीचा_ट्रान्झिस्टर

पांथस्थ, तुम्ही दुखरी नस दाबलीत. आमच्या वडिलांकडे ग्रुंडिगचा स्पूल रेकॉर्डर होता. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. तो लागला की घरात संचारबंदी. माईक रेडिओसमोर स्टुलावर ठेवलेला. आम्ही भावंडं श्वासही जपून घ्यायचो. तरी आमच्याकडच्या एका टेपवर, विलंबित ख्याल ऐन रंगात आलेला असताना, आई स्वयंपाकघरातून स्पष्ट विचारते, 'दूध घेतलंत का आत?' आता वडील नाहीत, आईही नाही. खाँसाहेबांचा तो राग इतर ठिकाणीही मिळतो. आईचा प्रश्न तेवढा आमच्याकडेच आहे.

रिकामटेकडा

दूध घेतलं होतं का आत?

आजीचा_ट्रान्झिस्टर

टेपवर उत्तर नाही. वडिलांनी उत्तर दिलं असतं तर तेही टेप झालं असतं ना!

मध्यमलहर

वा! इंग्लंडातल्या त्या घरगुती टेपांवरही हेच असायचं. काहींनी रेडिओच्या आतून वायर काढून रेकॉर्डरला जोडली, त्यांचा आवाज स्वच्छ. काहींनी माईक ठेवला, त्यांच्याकडे घरचे आवाजही आले. शिवाय लाइट प्रोग्रॅम (बीबीसीचं हलक्याफुलक्या कार्यक्रमांचं केंद्र) बहुतेक लोक दीर्घ किंवा मध्यम लहरींवर ऐकायचे. व्हीएचएफ (म्हणजे आजचं एफएम) १९५५ पासून सुरू झालं होतं खरं, पण सगळ्यांकडे तसा सेट कुठला? एकाच कार्यक्रमाच्या दोन श्रोत्यांनी केलेल्या टेपा ऐकल्या तर ओळखू येऊ नयेत इतका फरक.

वकीलकी

कायद्याचा मुद्दा निघालाय म्हणून. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं, प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षं, कलाकाराचा ५० वर्षं. बेकायदा प्रत विकणं, भाड्याने देणं, धंद्यासाठी वाटणं हे उल्लंघन आहेच. आयातही उल्लंघनच, पण कलम ५१ मध्ये एक परंतुक आहे: स्वतःच्या खाजगी व घरगुती वापरासाठी एक प्रत आणली तर ते उल्लंघन धरत नाहीत. इंग्लंडच्या कायद्याचाही रोख आयात करणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि धंद्यासाठी बाळगणाऱ्यावर आहे. घरी शेल्फात ठेवणाऱ्याच्या मागे सहसा कुणी लागत नाही. तेव्हा चकतीवेडा यांनी घाबरू नये. मात्र उद्या तोच संच फायद्यात विकायला बसलात तर तुम्ही दुसऱ्या बाजूला गेलात. हा सल्ला फुकट आहे, त्यामुळे तेवढ्याच किमतीचा धरावा.

उंटावरचा_शहाणा

कायद्याने चालतं म्हणजे बरोबर आहे असं नाही ना वकीलसाहेब?

वकीलकी

त्याची फी वेगळी.

खरखर_तज्ज्ञ

नैतिकता चालू दे, मी सुईबद्दल बोलतो. घ्यायचं असेल तर आधी ऐकून घ्या.

पहिलं म्हणजे गती. घरगुती टेपयंत्रं नेमक्या गतीने चालत नसत, आणि बूटलेग छापणाऱ्याने दुरुस्त करायची तसदी घेतली नसेल तर गाणं अर्धा स्वर वर किंवा खाली जातं. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप लावा, एखाद्या ओळखीच्या गाण्याचा पहिला कॉर्ड अधिकृत प्रतीशी ताडून बघा. दुसरं, मुळात सगळं मोनो. काही बूटलेगवर कृत्रिम स्टिरिओ केलेला असतो, म्हणजे एका बाजूला जाड आवाज आणि दुसऱ्या बाजूला सगळी खरखर. तुमच्या ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, निम्मा त्रास कमी होईल. तिसरं, कव्हरवर जाऊ नका. बूटलेगचीही बूटलेग निघते. रेकॉर्डच्या शेवटी लेबलाजवळ जी कोरी जागा असते तिथे खरवडलेले आकडे असतात, ते सगळ्या भागांवर एकाच हाताचे आणि एकाच पद्धतीचे आहेत का बघा. एखादा भाग वेगळा दिसला तर तो नंतरच्या छपाईचा असू शकतो. अशा नंतरच्या प्रती बरेचदा एलपीवरूनच एलपी केलेल्या असतात, त्यामुळे आवाज आणखी बसलेला.

आणि स्पष्टच सांगतो. ऐकण्यासाठी म्हणून घेत असाल तर ही रेकॉर्ड म्हणजे सर्वांत वाईट साधन आहे. टेपवरून टेप, त्यावरून आणखी टेप, मग स्वस्त प्लास्टिक. नंतरच्या चाहत्यांनी जमवलेल्या डिजिटल संचांत याहून चांगले स्रोत आले आहेत.

पेठेतला_पांथस्थ

म्हणजे घेऊच नये?

खरखर_तज्ज्ञ

असं कुठं म्हणालो? माझ्याकडे दोनशे-अडीचशे अशाच भंगार प्रती आहेत.

गोंयकार

बीटल्सचा विषय आहे म्हणून आठवण करून देतो, जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं होतं. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया वाजवायला होते. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीत तिथलंच. त्या सत्रांच्या टेपांचं काही बूटलेग कुणी पाहिलंय का?

सावनी_ठाणे

गोंयकार, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते. इथे आधीच रामायण झालंय.

मध्यमलहर

खरखर_तज्ज्ञ यांच्याशी आवाजाबाबत सहमत. मात्र एक मुद्दा राहतो. १९८२ मध्ये बीबीसीने स्वतःच या सेशन्सवर विशेष कार्यक्रम केला, केव्हिन हाउलेट या निर्मात्याने खूप शोधाशोध केली. १९८८ मध्ये हरवलेल्या टेपांवर १४ भागांची मालिका झाली. प्रत्येक वेळी रेडिओवर गाणी वाजली की बूटलेगवाल्यांना नवा, स्वच्छ माल मिळाला. म्हणजे १९७१ची बूटलेग आणि १९८७ची बूटलेग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चकतीवेडा ज्या बघतायत त्या दुसऱ्या प्रकारातल्या. त्यामुळे सगळ्यांना एकाच मापाने 'भंगार' म्हणू नये. १९८०ची 'द बीटल्स ब्रॉडकास्ट्स' नावाची एलपी तर त्या काळच्या अधिकृत रेकॉर्डच्या शेजारी ठेवावी अशी.

उंटावरचा_शहाणा यांचा गीतकारांचा मुद्दा मला खोडता येत नाही. खोडायचाही नाही.

चकतीवेडा

मंडळी, आज बाजार होता. जाऊन आलो.

म्हाताऱ्याने दुकानातल्याच टर्नटेबलवर वाजवू दिलं. तज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे ट्यूनर लावला. तीन भाग तपासले. दोन ठीक, एक किंचित वर. शेवटचे आकडे सगळ्यांवर एकाच पद्धतीचे. कृत्रिम स्टिरिओ नाही.

'पॉप गो द बीटल्स'चा भाग लावला. ते जुनं बालगीत रॉक करून वाजवलेलं शीर्षकसंगीत, मग निवेदक, मग गाणं, मग पुन्हा निवेदक पत्र वाचतोय आणि चौघं मध्येच काहीतरी टाकतायत. सुरुवातीच्या भागांचा निवेदक ली पीटर्स, त्याला ते पाठीमागे 'पी लिटर्स' म्हणायचे हे वाचलं होतं. त्याचा तो गुळगुळीत सरकारी स्वर ऐकल्यावर का म्हणत असतील ते कळलं! अधिकृत संग्रहात यांतले विनोद आहेत, पण तिथे ते निवडून काढलेले. इथे पडलेले विनोदही आहेत. एका ठिकाणी कुणीतरी काहीतरी बोलतो, कुणी हसत नाही, आणि निवेदक घाईघाईने पुढचं गाणं सांगतो. त्या एका तुकड्यासाठी मी घ्यायचं ठरवलं. आवाजासाठी नाही, संग्रहातली किंमत वाढेल म्हणूनही नाही.

घासाघीस करून १७५ला सौदा ठरला. म्हातारा म्हणे, इतकी वर्षं या दुकानात कुणी मोबाइलवर ट्यूनर लावून बूटलेग तपासली नव्हती.

उंटावरचा_शहाणा

घेतलंत ते घेतलंत. निदान आर्थर अलेक्झांडरची स्वतःची एक अधिकृत रेकॉर्ड घ्या, म्हणजे फिटंफाट.

चकतीवेडा

हे पटलं. त्याच बाजारात बघतो.

सावनी_ठाणे

मी अजूनही घेतलं नसतं. पण तो पडलेला विनोद असलेला तुकडा फोनवर रेकॉर्ड करून पाठवा ना.

वकीलकी

हे वाक्य मी वाचलेलं नाही.

पेठेतला_पांथस्थ

गायब असलेले दोन भाग कुठले?

चकतीवेडा

चौथा आणि अकरावा.

रिकामटेकडा

म्हणजे पुढचा धागा आत्ताच दिसतोय: 'भाग ४ आणि ११ कुठे मिळतील?'

मध्यमलहर

चौथा माझ्याकडे दोनदा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.